भांडी घासणारे यंत्र आणि घासणारे हात



या वेळचा विषय आहे भांडी घासण्याचे यंत्र, म्हणजे डिशवॉशर. हा बंगल्यातल्या लोकांचा विषय आपल्या साप्ताहिकात कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना माझा उलट प्रश्न आहे. त्या बंगल्यांतली भांडी आजवर कोणी घासली? नागपूरच्या धरमपेठेत, सिव्हिल लाइन्समध्ये सकाळी सात वाजता मागच्या दाराने आत जाणाऱ्या बाया कोणाच्या आया-बहिणी होत्या? त्यात आपल्या समाजाच्या किती होत्या, हे सांगायची गरज नाही. हात राखेने आणि नंतर साबणाने फाटले, आणि चहा मात्र वेगळ्या कपात मिळाला. हा अनुभव आपल्या अनेक घरांत आहे. याच बायांना संघटित करण्याचे काम नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांनी विदर्भ मोलकरीण संघटनेतून केले. घरकामगारांसाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यामागे राज्यभरच्या अशाच संघटनांचा लढा होता. तेव्हा भांडी घासणे हा आपल्याच पानावरचा विषय आहे.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात पाहू. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रन नावाच्या बाईने पाण्याच्या जोराने भांडी धुणारे यंत्र तयार केले आणि १८८६ साली त्याचे पेटंट घेतले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते गाजले. असे सांगतात, की घरच्या नोकरांच्या हातून उंची चिनी मातीची भांडी टवके उडून खराब होत होती, म्हणून बाईंना हे सुचले. आपल्याकडे शहरांत या यंत्राची मागणी एकदम वाढली ती २०२० च्या टाळेबंदीत. मोलकरणींना इमारतीच्या फाटकातून आत घेणे बंद झाले आणि खरकट्याचा ढीग मालकिणीपुढे पडला. दोन्ही वेळा यंत्र आले ते मालकिणीची अडचण दूर करायला. घासणाऱ्या बाईच्या हातांचा विचार दोन्ही वेळा नव्हता.

म्हणूनच आमच्या सिहोऱ्यातल्या एका घराची हकीकत मला महत्त्वाची वाटते. तुमसर तालुक्यातले हे आमचे गाव, भंडारा जिल्ह्यातले. भाताचा मुलूख. या घरातली आई पूर्वी वीस वर्षे नागपुरात पाच घरची भांडी करीत होती. आता हाताच्या बोटांना भेगा पडतात, साबण लागला की आग होते. मुलगी परिचारिका झाली, नोकरीला लागली. तिने आईला विचारून तेरा थाळ्यांचे एक डिशवॉशर घेऊन पाठवले. घरात आई, दोन मुलगे, एक सून आणि नातू. सून १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसली आहे. रात्रीची भांडी आटोपेपर्यंत साडेनऊ व्हायचे, मग अभ्यास कसला?

यंत्र आले तेव्हा शेजारच्या बाया पाहायला जमल्या. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "हे मशीन गंज धुते म्हनता, पन खरकटं कोन काढन?" सगळ्या हसल्या. पण खरा प्रश्न तोच आहे, आणि त्याकडे मी शेवटी येणार आहे.

दुकानदाराने नागपुरात पैसे घेतले आणि नंतर सांगितले की, बसवून देणारा माणूस तुमच्या गावापर्यंत येत नाही. म्हणून पहिली सूचना अशी की, पैसे देण्याआधी विचारा, "आमच्या पिनकोडवर बसवणी आणि दुरुस्ती मिळते का?" उत्तर बिलावर लिहून घ्या. मुलीने पंधरा दिवस पाठपुरावा केला तेव्हा माणूस आला. पण त्याआधी घरची जी तयारी करावी लागते ती आपणच करायची असते. ती नीट झाली नाही तर चांगले यंत्रही बिघडल्यासारखे वागते.

जागा आणि पाणी

यंत्र मोरीच्या जवळ हवे. जमीन सपाट हवी. डुगडुगत असेल तर खालचे पाय फिरवून समतल करावे, नाहीतर दार नीट लागत नाही आणि पाणी झिरपते. त्याच्यासाठी पाऊण इंची आट्याचा स्वतंत्र नळ काढावा लागतो. यंत्राचे पाणी बंद करता आले पाहिजे आणि घरचा नळ मात्र चालू राहिला पाहिजे.

आता दाबाचा प्रश्न. पाण्याचा दाब 'बार' या मापात लिहितात. टाकीतले पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असले की साधारण एक बार दाब मिळतो. पुष्कळ यंत्रांना किमान अर्धा बार, म्हणजे पाच मीटर किंवा सोळा-सतरा फूट उंची लागते. काहींना थोडी कमी चालते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत ते छापलेले असते. आपले घर एकमजली. टाकी स्लॅबवर ठेवलेली. नळापासून तिची उंची जेमतेम दहा फूट. म्हणजे दाब कमीच. या घरात नेमके तेच झाले. यंत्र घर्रघर्र करी, पाणी भरेपर्यंत वाट पाही आणि चूक दाखवून थांबे. उपाय दोन आहेत. टाकीखाली उंच चौथरा किंवा लोखंडी स्टँड करणे, किंवा दाब वाढवणारा छोटा पंप बसवणे. यांनी पंप बसवला. घेण्याआधी एक सोपी पाहणी करावी. त्या नळाखाली दहा लिटरची बादली ठेवून घड्याळ लावा. एका मिनिटाच्या आसपास भरली तर बरे. दोन-तीन मिनिटे लागली तर आधी पाण्याची सोय करा, मग यंत्र आणा.

सांडपाणी

बाहेर पाणी फेकणारी नळी जमिनीपासून साधारण दीड फुटापेक्षा वर आणि तीन फुटांच्या आत अडकवायची असते. आपल्या मोरीचे भोक असते जमिनीला. नळी सरळ तिथे सोडली तर आत घेतलेले स्वच्छ पाणीही आपोआप ओढले जाऊन वाहून जाते आणि भांडी कोरडीच राहतात. त्यासाठी दीड-दोन इंची प्लॅस्टिकचा पाईप मोरीपासून दोन फूट उभा करावा आणि नळीचे टोक त्यात वरून अडकवावे. फट घट्ट बुजवू नये, हवा जायला जागा असू द्यावी. नळीला पीळ किंवा मोड पडू देऊ नये.

वीज

येथे मात्र काटकसर नको. हे यंत्र पाणी तापवते, त्यामुळे ते साधारण दोन हजार वॅट वीज ओढते. त्याला सोळा अँपिअरचा वेगळा प्लग, वेगळी जाडीची वायर आणि वेगळा एमसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही लावू नये. पाणी आणि वीज एकत्र आहेत, म्हणून अर्थिंग खरे आहे की नुसती हिरवी वायर लोंबते आहे, हे परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यावे. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी टाकावे. गळती झाल्यावर वीज तोडणारे आरसीसीबी बसवले तर संपूर्ण घराचाच जीव वाचतो. यंत्राला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर आधी मेन बंद, मग बाकी सारे.

धुणे चालू असताना वीज गेली तर घाबरू नये. बहुतेक यंत्रे वीज आल्यावर पुढचे काम सुरू करतात. दार लगेच उघडू नये, आत कढत पाणी आणि तीव्र पावडर असते.

जड पाणी आणि मीठ

बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातल्या चुन्यामुळे भांड्यावर पांढरा थर बसतो. यंत्राच्या पोटात पाणी मऊ करणारी एक डबी असते. तिच्यातले दाणे पाण्यातला चुना धरून ठेवतात. ते दाणे थकले की मिठाचे पाणी त्यांना पुन्हा कामाला लावते. म्हणून डिशवॉशरचे जाड मीठ त्या खणात घालावे लागते. जेवणातले बारीक आयोडीनयुक्त मीठ घालू नये, त्याने डबी बुजते. पहिल्या वेळी खणात आधी पाणी भरावे, मग मीठ टाकावे, सांडलेले मीठ पुसावे आणि लगेच यंत्र चालवावे. सांडलेले मीठ स्टीलला गंज आणते.

पाणी किती जड आहे त्याप्रमाणे यंत्राचा आकडा लावायचा असतो. हा आकडा कळायला पाणी तपासावे लागते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना तपासणीचे संच द्यायचे आणि गावातल्या पाच महिलांना ते वापरायला शिकवायचे, अशी तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्याला हात लावण्यासाठी ज्या समाजाला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या लेकीने गावचे पाणी तपासून निकाल सांगावा, यात मला मोठा अर्थ वाटतो.

काय घालावे, काय घालू नये

स्टीलच्या थाळ्या, वाट्या, पेले, काचेची आणि चिनी मातीची भांडी बिनधास्त घालावी. बांधकाम कामगार मंडळाकडून पुष्कळ घरांना स्टीलच्या भांड्यांचा संच मिळाला आहे, तो चालतो. पण आपला जिल्हा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. आजीच्या वेळचा पितळेचा गुंड चकचकीत होईल म्हणून यंत्रात घालू नका, तो काळवंडेल. तांबे तसेच. जर्मनची गंजे, ज्यांना आपण अॅल्युमिनियम म्हणतो, तीही काळी पडतात. लोखंडी तवा गंजतो, पोळपाट-लाटणे तडकते. कुकर जर्मनचा असेल तर हातानेच धुवावा. म्हणजे यंत्र आल्यावरही थोडे घासणे उरतेच, हे आधी समजून घ्यावे.

थाळ्यांमध्ये अंतर ठेवावे. वाट्या पालथ्या. पाणी फेकणारे पाते हाताने फिरवून पाहावे, चमच्याला किंवा गंजाच्या दांड्याला अडकत असेल तर भांडे हलवावे. साधा भांड्यांचा साबण किंवा द्रव साबण त्यात कधीही टाकू नये. फेसच फेस होतो आणि यंत्र बंद पडते.

बिघाड की कुरबुर?

मिस्त्रीला बोलावण्याआधी पुढील गोष्टी घरीच पाहता येतात. आधी प्लग काढा आणि नळ बंद करा.

पाणी भरत नाही: नळ पूर्ण उघडा आहे का? नळी दुमडली का? नळी जोडतो तेथे बारीक जाळी असते. टाकीतला गाळ तिच्यात बसतो. काढून ब्रशने धुवावी. या घरी आठव्या दिवशी हेच झाले. टाकी कधी धुतली होती, ते कोणालाच आठवेना.

पाणी बाहेर जात नाही: तळातली गाळणी फिरवून काढावी. आपण भात खाणारे लोक. भाताची शिते आणि डाळीचे कण गाळणीत चिखलासारखे बसतात. दर दोन-तीन दिवसांनी गाळणी धुवावी. मग नळी तपासावी.

भांड्यांवर तेलकटपणा राहतो: पात्यांची भोके पाहा. फोडणीची मोहरी, जिरे त्यात अडकतात, काडीने काढावेत. भांडी कोंबून भरली नाहीत ना, ते पाहा. जास्त तेलाच्या भांड्यांना कढत पाण्याची फेरी निवडा.

पांढरा थर येतो: थोडे व्हिनेगर किंवा लिंबू चोळा. थर निघाला तर तो चुना. मीठ संपले असेल किंवा आकडा कमी लावला असेल. काचेचा धुरकटपणा तरीही निघाला नाही तर काचच झिजली आहे, तिला इलाज नाही.

वास येतो: गाळणी धुवा आणि काम झाल्यावर दार थोडे उघडे ठेवा.

एमसीबी पडतो, खाली पाणी साचते, जळका वास येतो: येथे आपले काम संपले. यंत्र बंद ठेवून जाणकार माणूसच बोलवावा. पाठीमागचे झाकण उघडून पाहण्याची हौस करू नये.

बिल, वॉरंटी कार्ड आणि यंत्राच्या क्रमांकाचा फोटो जपून ठेवावा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

हिशेब मांडूनच निर्णय

यंत्र तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते. एका फेरीला दहा-बारा लिटर पाणी आणि साधारण एक ते दीड युनिट वीज लागते. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर त्याला गुणा. पावडर आणि मीठ यांचा खर्च त्यात मिळवा. मग महिन्याच्या तीस फेऱ्या धरा. हा आकडा घरखर्चात बसत नसेल तर हप्त्यावर यंत्र आणू नका. ज्या घरात चार थाळ्या आहेत, त्या घराला यंत्राची गरजही नाही. शेजारच्या घरी आले म्हणून आपल्याकडे हवे, ही चढाओढ कर्जात नेते. पण हातांना त्वचेचा विकार असेल, घरात माणसे जास्त असतील, बाई नोकरी किंवा शिक्षण करीत असेल, तर हा खर्च चैनीचा म्हणून मोडीत काढू नका. मोटारसायकल घेताना आपण इतका विचार करतो का?

आता त्या म्हातारीचा प्रश्न: खरकटे कोण काढणार?

यंत्र आल्यावर या घरात पहिला महिना काय झाले? खरकटे सुनेने काढायचे, भांडी तिनेच लावायची, बटन तिनेच दाबायचे, सकाळी तिनेच काढून ठेवायची. वर, आता मशीन आहे तर रात्री दोन भाज्या कर, अशी फर्माईश सुरू झाली. अर्धा-पाऊण तास वाचला आणि तो दुसऱ्या कामाने खाल्ला. अभ्यास तेथेच राहिला.

केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, आणि जे थोडे पुरुष घरकामात हात घालत होते त्यांचा ९७ मिनिटे. सरकारी नोंद इतकी स्पष्ट आहे.

बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात काँग्रेस आणि गांधीजींच्या विचारांची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवायचे आणि त्याला विसावा द्यायचा, तर यंत्र हवे. विसाव्याशिवाय संस्कृती नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. यंत्रामुळे जे अनर्थ होतात त्यांचा दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, हेही त्यांनी तेथेच सांगितले. हाच नियम आपल्या स्वयंपाकघराला लावून पाहा. नळ, नळी, गाळणी ठीक आहे, आणि तरीही बाईला वेळ मिळत नाही, तर बिघाड यंत्रात नाही. तो घराच्या रचनेत आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आया-बहिणींना सांगितले होते, की बायकोने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून वागावे, त्याची दासी होऊ नये. आपण नवरे मंडळी ते भाषण जयंतीला ऐकतो आणि ताट तसेच पाटावर सोडून उठतो.

या घरात तोडगा काढला तो आईने. वीस वर्षे दुसऱ्यांची भांडी केलेल्या त्या माउलीने मुलांना बसवून सांगितले, "मी लोकायचं खरकटं पोटासाठी काढलं. तुमचं ते तुमी काढा." आता प्रत्येक जण आपले ताट स्वतः खरवडून यंत्राजवळ आणतो. लावण्याची आणि बटन दाबण्याची पाळी दोन्ही मुलांची, एक दिवसाआड. सकाळी भांडी काढून फळीवर लावायची पाळी धाकट्याची. दर रविवारी गाळणी, पाते आणि जाळी धुण्याचे काम थोरल्याचे. सुनेला आठ ते साडेनऊ सुट्टी. त्या वेळेत तिला कोणी हाक मारायची नाही, नातवानेही नाही. ही पाळी कागदावर लिहून यंत्राच्या वर भिंतीला चिकटवली आहे.

भगिनींनो, ज्यांच्या घरी यंत्र येणार नाही त्यांनाही ही पाळी लावता येते. तिला वीज लागत नाही, दाब लागत नाही, मीठही लागत नाही. आणि ज्या बहिणी आजही दुसऱ्यांच्या घरी भांडी करतात, त्यांनी वय १८ ते ६० मध्ये असेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात घरेलू कामगार म्हणून आपली नोंदणी करून घ्यावी. शहरातल्या घरात यंत्र आले म्हणून एका दिवसात काम काढून टाकणाऱ्या मालकिणीपुढे एकटी बाई दुबळी असते; नोंदलेली आणि संघटनेत असलेली बाई तितकी दुबळी नसते.

यंत्र आणायचे असेल त्यांनी या महिन्यात दोनच कामे करावीत. बादली लावून नळाचा दाब पाहावा, आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. यंत्र आणायचे नसेल त्यांनी एकच करावे. आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या पुरुषाने आपले ताट स्वतः उचलावे आणि धुऊन पालथे ठेवावे.

जयभीम.